ओढ्यातली गोगलगाय

आम्ही दोघे याच शाळेचे माजी विद्यार्थी. नोकरीच्या निमित्ताने २०१४ साली वडोदरा सोडून झांजिबारला गेलो, तेव्हा मुलगा चौथीत होता. उंगुजा बेटाच्या उत्तर भागात घर मिळाले. शाळा सुटली की स्वारी मित्रांबरोबर ओढ्यात डुंबून यायची. समुद्राची भीती आम्ही त्याला रोज घातली. गुडघाभर ओढ्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

काही महिन्यांनी त्याच्या लघवीतून रक्त जाऊ लागले. दोन दिवस त्याने ते लपवलेच. कळल्यावर आमचे धाबे दणाणले. शेजारीण मात्र शांतपणे म्हणाली, "किचोचो." तिथे घरोघरी ठाऊक असलेला शब्द! वैद्यकात याला बिल्हार्झिया म्हणतात. बिल्हार्झ नावाच्या जर्मन डॉक्टरने १८५१ मध्ये कैरोत याचा कृमी शोधला.

बालमित्रांनो, या कृमीचा प्रवास मोठा विलक्षण आहे. रुग्णाच्या लघवीतून अंडी गोड्या पाण्यात पडतात. त्यांतून निघालेल्या अळीला काही तासांत बुलिनस जातीची गोगलगाय सापडली नाही, तर ती मरते. सापडली, तर गोगलगायीच्या पोटात एकीच्या हजारो होतात. दुपारच्या सुमारास त्या सर्वांत जास्त बाहेर पडतात आणि पाण्यात उतरलेल्याच्या कातडीतून काही मिनिटांत आत शिरतात. दुपार, म्हणजे नेमकी आमच्या चिरंजीवांची शाळा सुटायची वेळ!

ही गोगलगाय कमळांच्या पानांना चिकटलेली आम्ही नंतर पाहिली. नखाएवढी, शंखाचे तोंड डावीकडे. ओढा आटला की चिखलात दडते, पावसाबरोबर परत येते. बेटाच्या पूर्वेला प्रवाळाचा खडक. पाणी साठत नाही, म्हणून गोगलगाय नाही आणि हा रोगही जवळजवळ नाही.

औषध प्राझिक्वाँटेल, चवीला कडू. कोवळ्या कृमींवर ते चालत नाही, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा द्यावे लागले. तिथल्या शाळांत मुलांना खुणा केलेल्या काठीशेजारी उभे करून उंचीप्रमाणे गोळ्या देत. काही वस्त्यांत गोगलगायी मारण्याचे औषधही पाण्यावर फवारले. रोग पुष्कळ घटला, पण मोजक्या ठिकाणी चिवटपणे टिकून राहिला. (आपल्या कोकणातही, गिमवी गावात, १९५२ साली असाच रोग आढळला होता, हे आम्हाला परत आल्यावर कळले.)

मुलगा बरा झाला. आम्ही त्याचे ओढ्यावर जाणे बंद केले. घरी नळ होता. त्याच्या मित्रांकडे नव्हता. शाळेत गोळ्या घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांची आई कपड्यांचे बोचके डोक्यावर घेऊन ओढ्याकडे निघाली, आणि पोरे तिच्या मागोमाग.