मागे दिसणारी नदी

परभणी जिल्ह्यातल्या गोदावरीचे फोटो घराघरांत आहेत, पण ते गोदावरीचे म्हणून काढलेले नाहीत. आजोबांच्या दशक्रियेचा फोटो आहे, अधिक महिन्यातल्या स्नानाचा आहे, गंगाखेडच्या घाटावर ओलेत्या लुगड्यात हात जोडून उभ्या असलेल्या आजीचा आहे. नदी त्यांच्या मागे येऊन गेली आहे. कडेला फिकट, लांबच लांब पांढरा पट्टा दिसतो. फोटोग्राफरनं त्याच्याकडे पाहिलंही नसेल, कारण त्याचं लक्ष चेहऱ्यांवर होतं. तो पट्टा म्हणजे गंगेची वाळू. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. फोटोतली माणसं एकेक करून गेली, त्यांचे हार फोटोंवर चढले. वाळूही गेली, तिला हार कोण घालणार?

तिचं दुःख करायचं तर आधी ती काय होती ते सांगायला हवं, कारण आज पंधरा वर्षांच्या पोराला त्यातलं काही ठाऊक असायचं कारण नाही. चैत्र-वैशाखात पात्र आटायचं आणि नदी वाळूच्या आत जाऊन राहायची. हातानं वीतभर उकरलं की खालून गार पाणी पाझरायचं. झिऱ्यातलं ते पाणी वाटीनं भरून, फडक्यानं गाळून घागर घरी जायची. भोयांच्या वाड्या वाळूतच पडायच्या. खड्ड्यात शेणखत घालून लावलेले टरबूज-खरबुजाचे वेल तापल्या वाळूवर हातपाय पसरायचे आणि रात्री पात्रात खरबुजाचा वास भरून राहायचा. टिटवी उघड्यावर अंडी घालायची, ती वाळूच्या रंगाची, त्यामुळे पाय पडेपर्यंत दिसायची नाहीत. काठावरच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी असायचं, कारण पुराचं पाणी वाळूनं पोटात धरून ठेवलेलं असायचं आणि ते ती हळूहळू सोडायची. जनाबाई याच गंगाखेडची. इथून ती लहानपणी पंढरपुराला नामदेवांच्या घरी गेली. एका नदीच्या वाळवंटातून दुसऱ्या नदीच्या वाळवंटात जाणं तिला परकं वाटलं नसावं, असं मला उगीचच वाटतं.

वाळू एका दिवसात गेली नाही. 18 ऑक्टोबर 1965 रोजी पैठणला लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली, 1976 मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. डावा कालवा परभणीपर्यंत आला. ज्यांनी 1972 चा दुष्काळ पाहिला, खडी फोडली, सुकडी खाल्ली, त्यांच्यापुढे धरणाला नावं ठेवायची माझी छाती नाही. पण धरण पाण्याबरोबर गाळ आणि वाळूही अडवतं. सिंदफणेवर माजलगावचं धरण झालं, तीही वाट अर्धी बंद झाली. पुढे आपल्याच जिल्ह्यात ढालेगाव, मुद्गल, दिग्रस असे बंधारे उभे राहिले. कोरड्या पात्रात पाणी साठलं, काठाला ऊस आला, उसामागून कारखाने आले. वरून येणारी नवी वाळू कमी होत गेली. आणि नेमक्या त्याच काळात शहरांना घरं बांधायची घाई झाली. येणं आटलं, जाणं वाढलं. हिशेब इतका सोपा आहे की तो कुणी मांडलाच नाही.

वाळूउपशाच्या या धंद्याला धुराडं नसतं. भोंगा, शिफ्ट, फाटकावरचा पहारेकरी, काहीच नसतं. आहे तो ट्रॅक्टर, त्याला दोरखंडानं बांधलेली केनी, पाण्यातली वाळू उपसायला तराफे आणि रात्री दिवे न लावता गावातून जाणारा हायवा. मोजमाप ब्रासमध्ये होतं. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. पात्रात साधारण तीन मीटरच्या खाली खोदू नये, असं केंद्राच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. काठावरच्या माणसाला विचारा, तो हसतो. एकेका घाटाचा लिलाव होतो तेव्हा कागदावर नदीचा तुकडा गट नंबरासह विकला जातो. जगातही हेच चाललं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानं जग वर्षाला सुमारे 50 अब्ज टन वाळू-खडी वापरतं. या आकड्यात आपल्या घाटांचीही वाळू आहे आणि हे वाचताना आपण ज्या भिंतीला टेकून बसला आहात, तीही त्यातच आली.

उद्योगानं जमिनीचं काय केलं हे दाखवायला जगानं कॅमेरे वापरले. कॅनडाच्या एडवर्ड बर्टिन्स्कीनं 1996 मध्ये सडबरीच्या निकेल खाणींतून वाहणारा नारिंगी ओहोळ टिपला. विष असूनही तो इतका देखणा आला की पाहणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांची लाज वाटावी. त्याच्यावरची ‘मॅन्युफॅक्चर्ड लँडस्केप्स’ ही फिल्म चीनमधल्या एका कारखान्याच्या रांगांवरून कॅमेरा मिनिटामागून मिनिटं सरकवत नेते. सेबॅस्टियाओ साल्गादोनं ब्राझीलच्या सेरा पेलादाचा सोन्याचा खड्डा दाखवला, त्यात चिखलानं माखलेली हजारो माणसं शिड्यांवरून पोती वाहताना. आपल्याकडे आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांची ‘नर्मदा डायरी’ 1995 मध्ये आली, बुडणाऱ्या खोऱ्यातल्या माणसांच्या बाजूनं उभी राहून काढलेली. खुद्द वाळूवरही 2013 मध्ये देनी देलेस्ट्राकची ‘सँड वॉर्स’ आली.

गंगाखेड-पालमच्या काठावर मात्र या कॅमेऱ्यांची पंचाईत होते. सडबरीत रंग आहे, सेरा पेलादात माणसांचा समुद्र आहे, नर्मदेत बुडणारं घर आहे. इथे काय टिपायचं? जे नाही ते? उपशाच्या खड्ड्यात पुढच्या पावसाळ्यात पाणी भरतं. मग तो डोह निळा दिसतो, त्यात ढग उतरतात, कडेला बगळा उभा राहतो आणि फोटो कॅलेंडरवर छापण्याजोगा येतो. अशा पाण्याशी लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. त्यांचा काय दोष? पण त्याच डोहांत पोरं बुडाल्याच्या बातम्या येतात. पाण्याखाली पात्र कुठे संपतं आणि खड्डा कुठे सुरू होतो, हे वरून कळत नाही. कॅमेऱ्याला तर मुळीच कळत नाही.

तरीही ज्यांनी कॅमेरा उचलला त्यांनी किंमत मोजली. अलिबागजवळ किहीमच्या किनाऱ्यावर बेकायदा वाळूउपसा रोखायला गेलेल्या सुमैरा अब्दुलाली यांच्यावर 2004 मध्ये हल्ला झाला. त्यांनी पुढेही माहिती आणि छायाचित्रं गोळा करायची थांबवली नाहीत, न्यायालयात गेल्या. आमच्या काठावरची गावकरी पोरं मोबाइलवर अंधारातले व्हिडिओ काढतात. त्यात फक्त इंजिनाचा आवाज असतो, एखादा दिवा हलतो आणि काढणाऱ्याचा धाप लागलेला श्वास ऐकू येतो. मला विचाराल तर या जिल्ह्यातला खरा माहितीपट तो आहे, संपादन न केलेला. वर्तमानपत्रात येतात ते वेगळे फोटो. जप्त ट्रॅक्टरसमोर ओळीनं उभे महसूल कर्मचारी, किंवा जाळून टाकलेल्या तराफ्यांचा धूर. कारवाई दिसते, नदी पुन्हा मागेच.

केंद्राच्या 2020 च्या सूचनांनी ड्रोननं पाहणी करायला सांगितली आहे, रात्री दिसणाऱ्या कॅमेऱ्यांसह. म्हणजे पात्राचा वरून फोटो निघेल, पण त्यातून किती वाळू उरली आणि किती उचलता येईल हे मोजलं जाईल. त्याहून वर एक डोळा आहे. पहिला लँडसॅट उपग्रह 23 जुलै 1972 रोजी गेला, ज्या वर्षी मराठवाडा दुष्काळात होरपळत होता आणि परभणीत कृषी विद्यापीठ सुरू झालं त्याच वर्षी. तेव्हापासून आधी तो आणि मग त्याच्यामागून गेलेले उपग्रह आपल्या नद्यांवरून फिरत आले आहेत. त्या चित्रात ट्रॅक्टर दिसत नाही, टिटवी दिसत नाही, खरबुजाचा वास तर नाहीच. कोरड्या वाळूचा उजळ पट्टा तेवढा दिसतो. नदीच्या मृत्यूचा दाखला मिळेल तर तिथून मिळेल. चेहरा नाही मिळणार.

त्याआधीचं काय? परभणी निजामाच्या राज्यात होती आणि त्या राज्याला राजा दीनदयाळांसारखा छायाचित्रकार लाभला होता. 1899-1900 च्या दुष्काळात औरंगाबादकडे चाललेल्या मदतकार्याचे फोटो त्यांच्या स्टुडिओनं काढले. लेणी, किल्ले, दरबार, शिकार, उपाशी माणसं, सगळं त्या काचपट्ट्यांवर उतरलं. नुसत्या वाळवंटाचा फोटो कोण काढील? ते तर कायमच असणार होतं. राजवाडा पडेल या भीतीनं माणूस त्याचं चित्र काढून ठेवतो, वाळू संपेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. म्हणून परभणीच्या गंगेचा मुखडा कुठल्या संग्रहालयात शोधायचा म्हटलं तर हाती फारसं लागत नाही. तो आहे तो आपल्याच घरांत, लोखंडी पेटीच्या तळाशी, माणसांच्या खांद्यांमागे.

तेव्हा एक काम सांगतो, पैसे लागत नाहीत. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा, या काठावर ज्यांचं घर आहे किंवा कधीकाळी होतं, त्यांनी जुने फोटो काढून बघावेत. मागे नदी दिसत असेल तर फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं घाटाचं नाव आणि साल लिहावं. आठवत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारावं, उद्यावर टाकू नये. मोबाइलवर त्याची नक्कल काढून ठेवावी. आणि पुढच्या वेळी ग्रामसभेत वाळूघाटाचा विषय निघाला की ते फोटो टेबलावर ठेवावेत, तलाठ्यासमोर, सरपंचासमोर, सगळ्यांना दिसतील असे, आणि ठराव लिहिण्याआधी एवढंच विचारावं की ही वाळू कुठे गेली ते इतिवृत्तात नोंदवणार का.