संगणकाचा जीर्णोद्धार

जुन्या वाड्याची एक तुळई बदलायला काढली की शेजारची भिंत कुरकुरू लागते, हे आम्हां नाशिककरांना सांगायला नको. पण संगणकही वाड्याच्याच कुळातला, हे यंदा आमच्या चिरंजिवांमुळे कळले.

घरातला संगणक 2014 सालचा. माझ्या प्रश्नपत्रिका तो बिनतक्रार छापतो. चिरंजिवांना मात्र त्यावर ‘सायबरपंक 2077’ खेळायचा! हा खेळ 2020 साली आला तेव्हा त्याला किमान 8 जीबी रॅम पुरे होती. 2023 मध्ये त्याचीच भूक 12 जीबीवर गेली, शिवाय साधी हार्ड डिस्क चालेना, एसएसडीच हवी! पाहुण्याने मुक्कामही वाढवावा आणि वर रोज श्रीखंड मागावे, तशी ही तऱ्हा.

बरे, ग्राफिक्स कार्ड घ्यावे, तर त्याला पुरेल असा पॉवर सप्लाय हवा. आजचा प्रोसेसर घ्यावा, तर मदरबोर्डही नवा हवा. आणि त्यावर जुनी डीडीआर-3 रॅम बसत नाही. म्हणजे जुनी उरते ती नुसती पेटी! एवढ्यात येवल्याची पैठणी आली असती, हे सौ.नी नजरेनेच सुचवले.

“एसएसडी तेवढी घेऊ, बाबा,” चिरंजीवच म्हणाले, “जुने खेळ काय कमी आहेत?”

ती बसवली. जांभया देत उठणारा संगणक आता चटकन उठतो. डागडुजी करणाऱ्याला कुठे थांबायचे ते कळले, की निम्मे काम झाले. पोराला ते कळले, याचेच मला अप्रूप.

आता अभ्यासक्रम पुन्हा बदलला आहे. मास्तरांच्या डोक्यात बसेल अशी एसएसडी कुठे मिळते का, पाहतो आहे!