वाचलं, सही केली

आर्सेनिकला रंग नाही, वास नाही, चव नाही. हंटरडन काउंटीतल्या त्या घराच्या नळाचं पाणी मी पेलाभर प्यायलो, तर चक्क गोड लागलं. इथली विहीर म्हणजे गवतातून हातभर वर आलेला लोखंडी पाइप आणि त्यावर घट्ट बसवलेलं झाकण. ना काठ, ना रहाट. वाकून बघायची सोयच नाही.

घर भाड्यानं द्यायलाच घेत होतो. न्यू जर्सीत खासगी विहिरीचं घर विकताना पाणी तपासावंच लागतं; कायदा 2001 चा, लागू 2002 पासून. जिवाणू, नायट्रेट, शिसं, आर्सेनिक, आणि 2021 च्या अखेरीपासून पीफास जातीची काही रसायनंही. आमच्या अहवालात आर्सेनिक निघालं लिटरला 11 मायक्रोग्रॅम. राज्याची मर्यादा 5, देशाची 10. कुण्या कारखान्याचं हे पाप नव्हे. तिथल्या खडकातच ते आहे, आणि झिरपता झिरपता पाण्यात उतरतं. उकळून उपयोग नाही. पाणी आटतं, आर्सेनिक तेवढंच राहतं.

खरी गंमत पुढेच. अहवाल वाईट आला म्हणून विक्री थांबत नाही. घेणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं तो वाचल्याची सही करायची, बस्स. पाणी शुद्ध करा, असं हा कायदा दोघांनाही सांगत नाही. घर भाड्यानं दिलं तर मालकानं दर 5 वर्षांनी पुन्हा तपासायचं आणि प्रत भाडेकरूला द्यायची. म्हणजे ज्याच्या पोटात पाणी जाणार, त्याच्या हाती कागद. आपल्याकडे ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकते, पाण्याच्या सुरक्षिततेचं लाल-हिरवं कार्ड तिला मिळतं. तेही पुष्कळदा कागदावरच. पण सार्वजनिक विहिरीचं पाणी निदान सरपंचाच्या घरीही जातं. भाड्याच्या घराचा मालक तिथलं पाणी पीत नाही. मी तर दुसऱ्या गावी, एडिसनला राहतो.

दलाल म्हणाला, किंमत थोडी पाडून घ्या. किंमत पाडल्यानं पाण्यातलं काय कमी होणार? सिंकखाली आरओ बसवणं स्वस्त पडलं असतं, पण मुलं दात घासताना बाथरूमच्या नळाचंच पाणी पितात. शेवटी विकणाऱ्याच्या खर्चानं तळघरात, अख्ख्या घराच्या पाण्यासाठी, दोन उभ्या टाक्या बसल्या. एकीतून पाणी दुसरीत, मध्ये नमुना घ्यायला बोटभर नळ. पहिल्या टाकीतले दाणे आर्सेनिक धरून ठेवतात. त्यांची ताकद संपत आली की मधल्या नळाच्या नमुन्यात ते दिसू लागतं. तोवर दुसरी टाकी राखण करते. मग पहिली काढायची, दुसरी तिच्या जागी, नवी मागे. सोपं आहे, फक्त कुणीतरी वेळेवर नमुना पाठवायला हवा.

वकिलांच्या भाडेकराराच्या मसुद्यात हे नमुन्याचं काम भाडेकरूच्या गळ्यात होतं. नेहमीचंच कलम आहे, म्हणाले. अंगणातला बर्फ त्यानं काढावा, कबूल. पण नमुन्याचं कलम मी खोडलं. भाडं मात्र थोडं वाढवलं. ते दाणे फुकट मिळत नाहीत.