मांडणीवरची सुतळी

११ डिसेंबर १९६७. पहाटे सव्वाचार वाजून गेले असतील. जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्यात मांडणीवरची पितळी भांडी वाजायला लागली. आधी एक पेला किणकिणला, मग तांब्या, मग सगळी उतरंडच. आजी अंधारातच म्हणाली, "अगं, मांजर शिरलंय का बघ." मांजर माझ्या पायाशी होतं, शेपूट फुगवून.

कोयनानगर हे नाव नंतर रेडिओवर कळलं. दीडशेच्या वर माणसं गेली होती. जवळपास तीनशे किलोमीटरवरचा तो हादरा आमच्या पेल्यांपर्यंत आला होता.

पुढे शाळेत भूगोल शिकवताना मी तो भूकंप पाटांनी दाखवायचे. दोन पाट शेजारी ठेवायचे, दोन्हींवरून रांगोळीची एक आडवी रेघ ओढायची आणि एक पाट हळूच पुढे सरकवायचा. काही उचललं जात नाही, काही खचत नाही. रेघ तेवढी तुटते. कोयनेला खडक असाच आडवा सरकला, अलीकडे उभं राहिलं तर पलीकडची बाजू डावीकडे. पुस्तकात त्याला प्रस्तरभंग म्हणतात. मुलं मात्र 'पाटांचा भूकंप' म्हणायची, आणि ते मला जास्त पटायचं.

आपल्याखाली काळा पाषाण, आपल्याला कसली भीती, असं नाशिककर ब्रह्मगिरीकडे बोट दाखवून सांगतो. पण कोयनेजवळ शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, तर सव्वा किलोमीटरच्या आसपास काळा पाषाण संपला आणि खाली त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट लागला. वर कोयना धरणाचं पाणी साठलं, भेगांतला दाब वाढला आणि आधीच ताणलेला खडक सुटला.

लेकीकडे अमेरिकेत फ्रीमाँटला गेले तेव्हा शेजारच्या हेवर्ड गावी मुद्दाम गेले. तिथे पॅसिफिक आणि उत्तर अमेरिकी या दोन भूपट्टांची सीमा. एकमेकांना घासत जाणारे. हेवर्डची भेग वर्षाला सुमारे पाच मिलिमीटर सरकते, गुपचूप. १८६८ साली मात्र तिने मोठा भूकंप केला होता. एका रस्त्याकडेची फूटपाथची कड मधेच तुटून बाजूला गेलेली. माझीच रांगोळीची रेघ, सिमेंटची. वाकून तिच्यावर बोट फिरवलं. "आई, ऊठ ना, लोक बघतायत," लेक म्हणाली.

तिच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांना आतून चाप आहेत. आजीने कोयनेच्या भूकंपाच्याच दिवशी संध्याकाळी मांडणीच्या प्रत्येक फळीला पुढून सुतळी ताणून बांधली होती. वाडा पाडला तेव्हाही ती तिथेच होती, तेलाने काळी पडलेली.