‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे’

अपघाताच्या रजिस्टरात ‘कारण’ नावाचा एक रकाना असतो. जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये मी जवळजवळ वीस वर्षं पर्सनलचं काम पाहिलं. त्या रकान्यात मी कायम एकच वाक्य लिहीत आलो: ‘कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.’ हात इतका बसला होता, की कुणाला काय लागलंय ते कळायच्या आधी कारण तयार असायचं.

मला ते खोटं वाटत नव्हतं, हे आधीच सांगतो. चप्पल घालून भट्टीजवळ फिरणारी, हेल्मेट काढून त्यावरच बसणारी माणसं मी रोज बघत होतो. साहेब आले की मोजे हातात, साहेब गेले की मोजे खिशात. मग भाजलं तर दोष कुणाचा? शिवाय माणसं ठेकेदाराची. पगार तो देणार, माणसं तो आणणार, तर लफडंही त्यानंच निस्तरायचं, असा सरळ हिशोब होता.

आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे. कारखाने अधिनियमाच्या ८८व्या कलमाप्रमाणे अपघातानंतर कामगार ४८ तास किंवा जास्त काळ कामावर येऊ शकला नाही, तर फॅक्टरी इन्स्पेक्टरला कळवावं लागायचं. त्यामुळे पायाला प्लास्टर असलेल्या एका पोराला आम्ही दुसऱ्याच दिवशी रिक्षात घालून आणलं, टाइम ऑफिसात खुर्चीवर बसवलं आणि मस्टरवर हजेरी लावली. दुपारी त्याला चहा-पोहेही दिले. ‘घरी पडून राहण्यापेक्षा बरं,’ असं मी त्यालाच ऐकवलं होतं. पोहे देताना मला आपण फार माणुसकीनं वागतोय असं वाटत होतं, ते आठवलं की आज जास्त लाज वाटते.

मत बदललं ते एका कॉबलनं. तापून लाल झालेली सळई एका स्टँडमधून दुसऱ्यात जाताना कधी कधी गाइड चुकवते आणि सापासारखी वेटोळं घालत बाहेर उसळते. मिलमध्ये याला कॉबल म्हणतात. हजार अंशांच्या आसपास तापलेलं लोखंड ते. त्या रात्रपाळीला सांडशीवर परतूर तालुक्यातला एक जण होता. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. हातात मोजा नव्हता. मी रजिस्टर काढलं आणि ठरलेलं वाक्य लिहिलं.

दीड महिन्यानं तो पट्टी बांधलेला हात घेऊन हिशोबाला आला. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, ‘मोजे दिले होते ना? घातले का नाहीत?’ तो भांडला नाही. ‘साहेब, तुमी एकदा घालून बघा की,’ एवढंच म्हणाला.

मी बघितले. स्टोअरमधून नवी जोडी काढली नाही, शॉपमध्ये खुंटीवर लटकलेली, रोजच्या वापरातली घेतली. घाम आणि लोखंडाची राख बसून कातडं पापडासारखं कडक झालेलं. बोटं वाकेनात. सांडशी उचलली तर दांडा फिरून निसटला. त्या हातांनी धावती सळई धरायला गेलो असतो, तर सांडशीसकट मीच ओढला गेलो असतो. मोजा काढून काम करणं तिथं जास्त सुरक्षित होतं. हे शॉपमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, एकट्या पर्सनल ऑफिसरला नव्हतं.

मग मी फोरमनला विचारत बसलो. गाइड झिजल्याचं आठवडाभर दिसत होतं. बदलायचं तर मिल थांबवावी लागली असती. ठेकेदाराला पैसे टनावर, त्याच्या माणसांनाही टनावर. मिल थांबली की सगळ्यांचीच मजुरी थांबते. म्हणजे थांबा म्हणायला कुणी पुढे येणार नाही, अशी व्यवस्था दरातच होती, आणि त्या दराच्या करारावर साक्षीदार म्हणून सही माझी होती.

त्याच सुमारास मी कायदा पहिल्यांदा नीट वाचला. तोवर मी नुसती रजिस्टरं भरत होतो. कारखाने अधिनियमातली ‘कामगारा’ची व्याख्या ठेकेदारामार्फत आलेल्या माणसालाही धरत होती, मुख्य मालकाला त्याची खबर असो वा नसो. ‘माणसं ठेकेदाराची’ हे माझं पालुपद तिथंच संपलं. १९२३ च्या भरपाई कायद्यात सुरक्षेचा हुकूम जाणूनबुजून मोडल्याचा बचाव मालकाला होता, पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तोही चालत नव्हता. आणि जाणूनबुजून मोडणं वेगळं, निष्काळजीपणा वेगळा. माझ्या त्या लाडक्या वाक्याला कायद्यात एवढीच किंमत होती.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये इथल्याच एका पोलाद कारखान्यात स्फोट होऊन वितळलेलं लोखंड अंगावर उडालं, वीसेक कामगार जखमी झाले. तिथं काय चुकलं यावर मी बोलणार नाही. पण त्या संध्याकाळी गावात जिथं तिथं ऐकू आलं ते माझंच वाक्य होतं: ‘हे लोक काळजीच घेत नाहीत.’ चहाच्या टपरीवर मी वाद घातला आणि एकटा पडलो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या. नियुक्तिपत्र सगळ्यांना द्यायचं, असं आता आहे. सुरक्षिततेत कसूर झाल्यानं कामगार दगावला तर दंड किमान पाच लाख. जुन्या कायद्यात तो किमान पंचवीस हजार होता. दंडातला निम्मा किंवा अधिक वाटा कुटुंबाला द्यायला न्यायालय सांगू शकतं. हे बरंच झालं. मात्र ठेकेदाराला टनावर किती द्यायचे, हे कुठलीच संहिता विचारत नाही, आणि कॉबलच्या रात्रीनंतर मला सगळ्यात आधी तोच आकडा विचारावासा वाटतो.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी पुन्हा एक हात भाजला. रकान्यात मी लिहिलं: ‘गाइड झिजलेलं. टनेजसाठी मिल थांबवली नाही.’ मॅनेजरनं लाल पेनानं ते खोडून वर जुनं वाक्य लिहिलं. अक्षर त्यांचं, खाली सही मात्र माझीच राहिली. खोडलेलं अजून वाचता येतं.