पाण्याच्या माहेरी तीन दिवस

लग्नाला चोवीस वर्षे झाली, पण आम्ही नवराबायको मिळून चार ठिकाणे पाहायला म्हणून कधी घराबाहेर पडलो नव्हतो. लग्नकार्य, दहावा-तेरावा आणि दवाखाना, एवढाच आमचा प्रवास. गोठ्यात दोन दुभत्या गाई असल्या की धारेच्या वेळी घर सोडता येत नाही, हे वाचकांना सांगायला नको. यंदा दिवाळीनंतर शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली. पुण्याला शिकणारा मुलगा घरी आला आणि म्हणाला, "धारा मी काढतो. तुम्ही दोघं जाऊन या." कारभारीण लगेच म्हणाली, "जायचं तर भीमाशंकरला." वाटेत जुन्नर करायचे ठरले. दशम्या बांधल्या आणि निघालो.

आमचे गाव श्रीगोंदा तालुक्यात, कुकडीच्या कालव्याच्या शेपटाकडे. आवर्तन सुटले की पाणी आमच्या चारीला पोचेपर्यंत डोळे लागतात. मग वरच्या लोकांना चार शिव्या घालायच्या, ही आमची जुनी सवय. ते वरचे लोक आणि ते पाणी कुठले, हे मात्र कधी पाहिले नव्हते.

एस.टी. बदलत दुपारी जुन्नरला उतरलो. कुकडीकाठचे हे गाव फार जुने. सातवाहनांच्या काळी कोकणातल्या बंदरांचा माल नाणेघाट चढून इथे येई. त्या घाटातल्या गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाईंचा हिशेबही त्यात कोरलेला आहे. आमचे नाणेघाटाला जाणे मात्र वेळेअभावी राहिले.

उन्हे उतरताना लेण्याद्री चढलो. पायऱ्या तीनशेच्या आसपास. अष्टविनायकांतला गिरिजात्मज इथे डोंगरातल्या बौद्ध लेण्यात आहे. एवढे मोठे दालन, पण आत एकही खांब नाही! मंडळींचे लक्ष मात्र बाहेरच्या पाण्याच्या पोढीकडे. "दगडात पाणी साठवायची अक्कल तेव्हाही होती," असे त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी शिवनेरी. सात दरवाजे ओलांडून, शिवाई देवीला नमस्कार करून वर गेलो. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराज जिथे जन्मले, त्या जागी पाळणा मांडलेला आहे. तिथे बोलणारी माणसेसुद्धा आपोआप गप्प होतात. धान्याचा अंबरखाना पाहिला. गंगा-जमुना ही कातळातली टाकी पाहिली. किल्ला तटाइतकाच दाण्या-पाण्यावर टिकतो, हे शेतकऱ्याला तिथे चटकन पटते.

संध्याकाळी घोडेगावला मुक्काम करून सोमवारी पहाटे भीमाशंकरची गाडी धरली. डिंभ्याच्या पुढे रस्त्याकडेला घोड नदीवरच्या धरणाचे पाणी दिसू लागले. तालुक्याला ज्याचे नाव आहे, ते जुने आंबेगाव याच पाण्याखाली गेले.

पुढे घाट आणि दाट रान. १९८५ साली हे अभयारण्य झाले. झाडावर तांबूस, झुपकेदार शेपटीचे शेकरू दिसले. आपल्या राज्याचा हा मानाचा प्राणी, घरट्यावर घरटी बांधणारा. पायऱ्या उतरून बारा ज्योतिर्लिंगांपैकी एकाचे दर्शन घेतले. देवळापुढे पोर्तुगिजांची मोठी घंटा टांगलेली आहे. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी ती आणली असे सांगतात. भीमा नदीचा उगम इथलाच. हीच पुढे पंढरपूरची चंद्रभागा. कुकडी घोडीला मिळते आणि घोड भीमेला. म्हणजे सगळे पाणी एकाच घरचे.

परतताना धरणाच्या कडेला एका टपरीवर चहाला थांबलो. एक म्हातारी आजी वाळवलेले हिरडे निवडत बसली होती. मंडळींनी विचारले, "आजी, गाव कोणतं?" आजीने पाण्याकडे बोट केले. "ते काय, तिथं खाली. घर, खाचरं, समदं."

आम्ही गप्प झालो. मग तिनेच विचारले, "तुम्ही कुठलं?" श्रीगोंद्याचे नाव सांगितले. डिंभ्याचे पाणी डाव्या कालव्याने येडगाव धरणात येते आणि तिथून कुकडीच्या कालव्याने आमच्याकडे, हेही सांगितले. "मग पोचतं का पाणी?" तिने विचारले.

एरवी माझ्या तोंडी तक्रारच आली असती. मी म्हणालो, "पोचतं, आजी. ऊस आहे, कांदा आहे."

"मग बरं झालं," ती म्हणाली, आणि पुन्हा हिरडे निवडू लागली.

मंडळींनी तिच्याकडून किलोभर हिरडे घेतले. घासाघीस केली नाही. गाडीत बराच वेळ आम्ही बोललो नाही.

रात्री उशिरा घरी पोचलो. गाई सुखरूप होत्या, धारही फार कमी झाली नव्हती. पुढच्या आवर्तनाला पाणी उशिराच येईल, आणि ते वेळेवर यावे म्हणून आम्ही भांडूही. पण दारे धरताना आता कारभारीण आडात-चारीत एक थेंब वाया जाऊ देत नाही. मी काही बोललो तर म्हणते, "अहो, कुणाच्या तरी अंगणावरून आलंय ते."

वाचकहो, जमेल तेव्हा तुम्हीही जोडीने जाऊन या. शेतात येणाऱ्या पाण्याचे माहेर एकदा पाहून यावे.