पानगळीचे पंचांग

दर वर्षी ऑक्टोबर महिना निम्मा सरला की आमच्याकडे अमेरिकेतून पाने येतात. आमचा एक जुना विद्यार्थी मॅसॅच्युसेट्स राज्यात स्थायिक झाला आहे. तो न चुकता छायाचित्रे पाठवतो: मेपलची लालभडक झाडे, पिवळ्या पानांनी झाकलेल्या पायवाटा, तळ्यात पडलेले तांबूस प्रतिबिंब. तिकडे म्हणे पानांचे रंग कोणत्या आठवड्यात कुठे खुलतील याचे अंदाज प्रसिद्ध होतात आणि लोक सुट्ट्या काढून ते पाहायला जातात. मागच्या ऑक्टोबरात छायाचित्रांसोबत त्याने एक प्रश्नही पाठवला. "मुलांना पुढच्या वर्षी भारतात आणायचे आहे. आपल्याकडे असे रंग कधी आणि कुठे दिसतात? तिसगावात काही दिसेल का?"

प्रश्न साधा होता. पण आम्ही दोघेही या भागात पंधरा-सोळा वर्षे मराठी शिकवत आलो असल्यामुळे साध्या प्रश्नाला साधे उत्तर देण्याची आमची सवय मोडलेली आहे. आम्ही त्याला सविस्तर उत्तर लिहायचे ठरवले. ते लिहिता लिहिता आमचीच एक चूक आमच्या पदरात पडली. हा लेख त्या चुकीविषयी आहे.

आधी उत्तराविषयी. 'ऑटम' या शब्दाला आपल्या कोशांनी आणि पाठ्यपुस्तकांनी 'शरद' हा प्रतिशब्द दिला आणि तेव्हापासून आपल्या वर्गांत एक गोंधळ मुक्कामाला आला. महिन्यांच्या हिशेबाने प्रतिशब्द बरोबर आहे. आश्विन-कार्तिक म्हणजे साधारण सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. पण ऋतू म्हणजे केवळ महिने नव्हेत. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'तील शरद हा निवळलेल्या पाण्याचा, फुललेल्या काशाचा आणि चांदण्याचा ऋतू आहे. त्यात झाडे ओकीबोकी होत नाहीत. शेलीने १८१९ साली पश्चिमवाऱ्याला उद्देशून जे गीत लिहिले त्यातली वाळकी, उधळलेली पाने आपल्या शरदात शोधू गेल्यास सापडणार नाहीत. ती सापडतात शिशिरात, म्हणजे माघ-फाल्गुनात. हे आम्ही दर वर्षी पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्यांना सांगतो, आणि सांगताना आमच्या आवाजात थोडा अभिमानही असतो, हे कबूल केले पाहिजे. परक्या ऋतूचे जोखड मानेवरून उतरवल्याचा तो अभिमान.

यामागचे कारणही आम्ही सांगतो. थंड प्रदेशात दिवस लहान होऊ लागले आणि गारठा वाढला की झाड पानांतले हरितद्रव्य मोडून त्यातले उपयोगी घटक परत आत घेते. हिरवा रंग सरला की त्याखाली आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंग मात्र त्या काळात नव्याने तयार होतो. मग देठाच्या मुळाशी पेशींचा एक थर तयार होतो आणि पान सुटते. आपल्याकडेही झाडाची कृती हीच, कारण निराळे. आपली झाडे थंडीला नव्हे, तहानेला भिऊन पाने टाकतात. पावसाळ्यात मुरलेली ओल संपत आली की पानांवाटे उडून जाणारे पाणी झाडाला परवडत नाही. म्हणून तिकडे पानगळ हिवाळ्याच्या आधी होते आणि आपल्याकडे उन्हाळ्याच्या आधी. भूगोलाच्या पुस्तकात 'शुष्क पानझडी वने' या तीन शब्दांत हे सारे येऊन जाते.

तेव्हा आम्ही त्या विद्यार्थ्यासाठी तिसगावचे एक पंचांगच तयार करायला घेतले. आश्विन-कार्तिकात पाने नव्हे, गवत पाहावे. करंजी घाट उतरून तिसगावकडे येताना गर्भगिरीच्या डोंगररांगा दिसतात. पावसाळ्यात त्यांच्यावर जी हिरवी साय धरते ती दिवाळीच्या सुमारास पिकू लागते, आणि मार्गशीर्षात वृद्धेश्वराच्या वाटेवर उतरत्या उन्हात सारे उतार सोनेरी दिसतात. ज्याला रंगच पाहायचे आहेत त्याने हे चुकवू नये. मात्र कुसळे कपड्यांत अडकतात, याची तयारी ठेवावी.

पौषापासून देशी बदाम पाहावा. शाळा-कचेऱ्यांच्या आवारात हे झाड हमखास असते आणि गावात मेपलची हौस भागवणारे झाड हेच. त्याची तळहाताहून मोठी पाने झाडावरच तांबडी, शेंदरी, जांभळट होतात आणि एकेक करून आवाज करीत खाली येतात. माघात शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळू लागतात. माघ-फाल्गुनात कडुनिंब पिवळी पाने टाकतो. सकाळी अंगण झाडावे आणि दुपारी पुन्हा भरलेले पाहावे. पिंपळ काही दिवस अगदी उघडा होतो, आणि मग जी नवी पालवी फुटते ती तांबूस, चकचकीत. आपल्याकडच्या लाल रंगाची खरी वेळ ही. तिकडे लाल रंग निरोपाचा, इकडे बहुधा आगमनाचा. कोवळ्या पानाचे कडक उन्हापासून रक्षण व्हावे म्हणून हा रंग असावा, असे वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक मानतात.

तिसगावाबाहेर जायचे तर फाल्गुन-चैत्रात सह्याद्रीत कोशिंब पाहावा. त्याची नवी पाने अशी लाल असतात की लांबून झाड फुलल्यासारखे वाटते. फेब्रुवारी-मार्चमध्ये मेळघाटात किंवा ताडोबात सागाच्या वाळक्या पानांवरून चालणाऱ्या प्राण्याचा आवाज दुरून ऐकू येतो; पळस पाने टाकून फुलतो, मोह आधी फुले देतो आणि मग तांबूस पालवी. धावड्याची पाने गळण्यापूर्वी तांबूस होतात. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' सोबत असू द्यावे, असेही आम्ही लिहिले. त्या पुस्तकात बारा महिने आपापल्या देशी नावांनी आणि देशी रंगांनी येतात.

उत्तर इथवर आले होते. आम्ही ते एकमेकांना वाचून दाखवले आणि आम्हांला ते आवडलेही. पाठवायचे तेवढे राहिले होते.

त्याच सुमारास, जानेवारीत, अंतर्गत परीक्षेचा भाग म्हणून आम्ही दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला 'माझ्या गावची पानगळ' या विषयावर निबंध लिहायला दिला. विषय अर्थातच त्या पत्रव्यवहारातून सुचलेला. बहुतेकांनी आम्ही सांगितलेलेच आम्हांला परत केले: शिशिर, कडुनिंब, पिंपळ, नवी पालवी आणि शेवटी आशावाद. एका मुलीचा निबंध मात्र असा सुरू होत होता: "आमची पानगळ कार्तिकात सुरू होते आणि होळीला संपते." पुढे तिने लिहिले होते की हे पान कापते; हाताला, मानेला, गालाला कापते, त्याची बारीक कुसे अंगात राहतात आणि रात्री झोपू देत नाहीत. लहान मूल रडू लागले तर त्याला पानांवरच निजवतात, कारण दुसरे मऊ काही नसते. झोपडीवरही पानेच असतात. पाऊण पानाचा निबंध. पालवी नाही, आशावाद नाही.

पहिल्या वाक्याखाली आम्ही तांबडी रेघ ओढली आणि समासात लिहिले, 'ऋतूंचा गोंधळ. शरदात पानगळ नसते.' कापणाऱ्या पानापाशी लिहिले, 'कल्पना ओढूनताणून आणलेली.' वीसपैकी आठ गुण दिले. सारे वर्ष जी ही मुलगी वर्गात फारशी दिसली नाही, तिने ऐन वेळी इंग्रजी ऑटमच्या आधाराने काहीतरी लिहून काढले, असा आमचा निष्कर्ष होता. दोघांनीही तो स्वतंत्रपणे काढला, हे आता अधिक लाजिरवाणे वाटते.

होळी झाली. मढीला कानिफनाथांची यात्रा सुरू झाली. होळीपासून पाडव्यापर्यंत चालणाऱ्या या यात्रेला भटक्यांची पंढरी म्हणतात, तिथे गाढवांचा बाजार भरतो, आणि त्या दिवसांत या परिसरातील रस्त्यांवर माणसे परतत असतात. ट्रॅक्टर येतात, त्यांच्यावर भांडी, गोधड्या, म्हाताऱ्या, शेळ्या, मुले. महाविद्यालयातील हजेरी पंधरा दिवसांत वाढते. ती मुलगीही परतली. निबंधाचे कागद परत देत होतो तेव्हा ती आवारातल्या बदामाखाली थांबून राहिली आणि इतर मुले गेल्यावर म्हणाली, "सर, तो अलंकार नव्हता. पाचट खरंच कापतं."

आम्हांला क्षणभर काही बोलता आले नाही. मग आमच्यापैकी एकाने विचारले, "मग पाचट हा शब्द कुठेच का लिहिला नाहीस?"

ती म्हणाली, "सगळ्यांना माहीतच असतं ना, मॅडम. म्हणून नाही लिहिलं."

पाथर्डी तालुका कशासाठी ओळखला जातो, हे आम्हांला माहीत नव्हते असे नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथून ऊसतोडणीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती नवरा-बायकोच्या जोडीवर असते; त्या जोडीचे नावच 'कोयता'. कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, ती माणसे फडात असतात. उसाची खालची पाने ऊस वाढतानाच वाळत जातात. तोडताना ती सोलून टाकावी लागतात, आणि त्यांच्या कडा करवतीसारख्या असतात. हे वाळके पान म्हणजे पाचट. शेंड्याची हिरवी पाने म्हणजे वाढे; ते बैलांना. इतके सगळे शब्द आमच्याजवळ होते. ते कापणाऱ्या पानाशी जोडायचे मात्र आम्हांला सुचले नाही.

आमच्या जिल्ह्याची रचनाही तशीच आहे. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. रचना तीच राहिली. पश्चिमेला अकोल्याच्या डोंगरांत धो-धो पाऊस पडतो. तो १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणात साठतो आणि कालव्यांनी प्रवरेच्या खोऱ्यात जातो. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला, आणि त्या उसावर विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० च्या सुमारास प्रवरेचा सहकारी साखर कारखाना. त्याच जिल्ह्याचा आमचा दक्षिण-पूर्वेचा भाग पर्जन्यछायेत. १९७२ चा दुष्काळ इथल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अजून असतो. २०१२, २०१५ आणि २०१८ चे आमच्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यात. रब्बीची ज्वारी साधली तर साधली. ज्याच्याकडे पाणी नाही तो, ज्याच्याकडे पाणी आहे त्याचे पीक कापायला जातो. आम्ही त्या जुन्या विद्यार्थ्याला झाडांविषयी जे लिहिले होते तेच इथे माणसांविषयी खरे आहे: ओल संपली की सुटावे लागते. फरक एवढाच की झाड पाने टाकते आणि स्वतः जागेवर राहते.

तेव्हा तिचे पहिले वाक्य चुकीचे नव्हते. आम्ही इंग्रजी ऋतू वर्गाबाहेर काढला आणि त्याच्या जागी संस्कृत ऋतू आणून बसवला; आणि त्यालाच आपला म्हणत राहिलो. तिसगावचा ऋतू तिसराच होता. तो आमच्या हजेरीपटावर दर वर्षी लिहिलेला असतो: कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत अनेक नावांपुढे 'गैरहजर'. त्या नोंदींना आम्ही विद्यार्थ्यांचा दोष समजत आलो.

साहित्याच्या शिक्षकाला आणखी एक गोष्ट यात बोचावी. जे वाक्य आपल्या परिचयाच्या संकेतात बसत नाही त्याला आपण 'ओढूनताणून आणलेले' म्हणतो आणि जे बसते त्याला 'उत्स्फूर्त'. चाळीस मुलांनी आमचाच पिंपळ आम्हांला दाखवला आणि आम्ही त्यांना चौदा-पंधरा गुण दिले. एकीने स्वतःच्या मनगटावरची गोष्ट लिहिली, तर तिला आठ.

गुणपत्रक अजून वर गेले नव्हते. तिचे गुण आम्ही बदलले आणि समासातल्या दोन्ही शेऱ्यांवर काट मारून खाली तारखेसह सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात पहिले वाक्य आणि आमचा शेरा दोन्ही फळ्यावर लिहून चूक कोणाची ते सांगितले. तिच्या परवानगीने, तिचे नाव न घेता. वर्गात थोडी चुळबुळ झाली. मग मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, वाढे विकून आम्ही मीठ-मिरची आणतो, ते पण लिहायचं का निबंधात?" आम्ही म्हटले, लिही. त्या तासाला दुसरे काही शिकवून झाले नाही.

अमेरिकेला उत्तर गेले ते पाडव्यानंतर. पंचांगात आम्ही काही खोडले नाही. सोनेरी गवत, तांबडा बदाम, कोशिंबाची पालवी, सारे तसेच ठेवले, कारण तेही खरे आहे आणि मुलांना दाखवण्यासारखे आहे. फक्त कार्तिकापुढे एक नोंद वाढवली. मुलांना घेऊन यायचे असेल तर फाल्गुनात ये. पिंपळाला पालवी असेल आणि गावात माणसे असतील. कार्तिकात आलास तर झाडांवर पाने असतील, पण बऱ्याच घरांना कुलपे असतील. तेव्हा आपल्याकडची पानगळ पाहायची असेल तर उसाच्या फडावर जावे लागेल. तिथे पाने हाताळताना मुलांना जपायला सांग.